शियं पानी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलाला नाही. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा प्यालो, त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि सांगून झाल्यावर ओळख वाढवावी असं तुम्हाला वाटणारही नाही. तेच बरं.

गोष्ट माशांच्या टाकीची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. माणसं मोठमोठी पापं करतात, आणि मी काय सांगतोय, तर मासे. पण माझा जीवच तेवढा. मोठं पाप करायलासुद्धा छाती लागते. ती माझ्याकडे कधीच नव्हती.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला नव्या कॉलन्या उठत होत्या आणि त्यातल्या एकीत माझं दोन खोल्यांचं घर होतं. आमची कॉलनी म्हणजे एकमेकांच्या खिडकीत बघून जगणारी माणसं. एकाने रंगीत टीव्ही आणला की महिन्याभरात दहा अँटेना. एकाने शोकेसमध्ये प्लास्टिकची द्राक्षं ठेवली की सगळ्यांच्या शोकेसला द्राक्षं लागली. मग कुणीतरी म्हणालं, दिवाणखान्यात मासे असले की घराला बरकत येते. झालं! मी मात्र बरकतीसाठी घेतली नाही टाकी. आमच्या साहेबांच्या बंगल्यावर होती, म्हणून घेतली. मी एका सरकारी खात्यात कारकून होतो आणि साहेबांकडे जे जे असेल ते आपल्याकडे लहान आकारात असावं, एवढीच माझी झेप. मासे मला कधीच आवडले नाहीत. आजही आवडत नाहीत.

तीन फुटांची टाकी, सहा गोल्डफिश, दोन एंजल, आणि तळाशी बुडबुडे सोडणारा एक प्लास्टिकचा पाणबुड्या. तीन आठवड्यांत पाणी वरणासारखं गढूळ. मासे मरायचे, मी ऑफिसातून येताना गुपचूप नवे आणून सोडायचो, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये. बघा, खोटं बोलायची सुरुवात किती स्वस्तात होते.

आणि मग लोटनभाऊ आला.

लोटनभाऊ माझा आतेभाऊ. शिंदखेड्याचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत मी शिंदखेड्याला आत्याकडे राहिलो. सहा वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली. लोटनभाऊने मला विहिरीत पोहायला शिकवलं, सायकल शिकवली, पोरांनी मारलं की तो जाऊन त्यांना मारून यायचा. तो स्वतः सातवीत शाळा सोडून मोटारी भरायला लागला — म्हणजे शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींना नवं वाइंडिंग करून द्यायचं. त्या घरात एकच बोली होती, आपली खान्देशी. तिच्यात ‘ळ’ फारसा तोंडात येत नाही, त्याचा ‘य’ होतो. शाळा म्हणजे शाया, जळगाव म्हणजे जयगाव. माझं घरातलं नाव बाळू. म्हणून मी बायू.

जळगावला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी काहीतरी विचारलं आणि त्यात ‘शाया’ आलं. सगळा वर्ग हसला. प्राध्यापकसुद्धा. त्या दिवशी मी काय करायला हवं होतं? एखादा हसला असता त्यांच्याबरोबर, एखादा भांडला असता. मी खोलीवर जाऊन ‘ळ’ घोटला. शाळा, केळी, काळा, सगळं. आठ-दहा महिन्यांत मी तोंडातून गाव खरवडून काढलं आणि नंतर कुणी विचारलंच तर सांगायचो, मूळचे धुळ्याचे. धुळं कसं, शहर आहे ना. नोकरी लागेपर्यंत मी इतका शुद्ध झालो होतो की गावाकडचं कुणी भेटायला आलं तर त्याला ऑफिसच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर नेऊन चहा पाजायचो. आत आणत नव्हतो.

पण लोटनभाऊ घरीच आला. दिवाळीनंतरची गोष्ट. रस्ता रुंद करताना त्याच्या दुकानाची टपरी गेली होती आणि तेव्हापासून त्याला काम नव्हतं. हे त्याने मला शेवटी सांगितलं. आधी त्याने टाकी पाहिली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिली.

“बायू,” तो म्हणाला, “ह्या मासा शेतस का कैदी?” म्हणजे, हे मासे आहेत का कैदी?

दुसऱ्या दिवशी तो बाजारात जाऊन आला. काय आणलं? कूलरचा जुना पंप — जळगावात मे महिन्यात माणूस बायकोशिवाय राहील, पण कूलरशिवाय नाही, त्यामुळे असे पंप भंगारात ढिगाने. केळीच्या बागेत टाकतात ती ठिबकची काळी नळी. तेलाचा आडवा कापलेला प्लास्टिकचा डबा. थोडा स्पंज, लोणारी कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे. मला किळस आली. हे भंगार माझ्या दिवाणखान्यात? मी बायकोला आत नेऊन हळूच म्हणालो, दोन दिवस चालवून घे, गेला की काढून टाकू.

त्याने तो डबा टाकीच्या वर बसवला. पंप टाकीच्या कोपऱ्यात, पाण्याखाली. तो पाणी नळीतून वर डब्यात चढवणार, तिथे ते आधी स्पंजातून, मग कोळशातून, मग खापरांतून झिरपणार आणि भोकं पाडलेल्या नळीतून पुन्हा टाकीत पडणार. डब्याला वरच्या बाजूला एक जादा भोक, त्याला नळी — स्पंज तुंबला तरी पाणी जमिनीवर न सांडता टाकीतच उतरावं म्हणून. आणि टाकी काठोकाठ भरायची नाही, चार बोटं रिकामी ठेवायची. का? लाइट गेली की पंप थांबणार, डब्यातलं सगळं पाणी खाली येणार. त्याला जागा नको? आमच्याकडे लाइट दिवसातून तीनदा जायची. ज्या पुस्तकांतून लोक असल्या गोष्टी शिकतात, ती लिहिणाऱ्यांनी आमची लाइट पाहिलेली नसते. लोटनभाऊने पाहिलेली होती.

जाताना त्याने दोन गोष्टी बजावल्या. “ताजं पानी टाकू नको. दोन दिन बादलीमा ऱ्हाऊ दे, शियं व्हऊ दे, मंग टाक.” शियं म्हणजे शिळं. नळाच्या पाण्यातली ब्लिचिंग पावडर उडून जायला वेळ लागतो, ती माशांना मारते, म्हणून. आणि दुसरी, खापरं धुवायची नाहीत. त्यांच्यावर बुळबुळ धरते ती राहू द्यायची, तीच पाणी राखते. विहिरीच्या दगडांवर नसते का? हे त्याला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. आयुष्यभर विहिरीत उतरून मोटारी काढल्या होत्या त्याने, आणि डोळे उघडे ठेवून काढल्या होत्या.

पंधरा दिवसांत पाणी असं निवळलं की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता यायचं. मासे मरायचे थांबले. कॉलनी बघायला आली. आणि मी? मी खुर्चीत रेलून सांगत होतो, “डिझाइन माझंच. विचार केला, करून पाहू.” बायको आत चहा टाकत होती, तिने ऐकलं असेलच. नवऱ्याच्या असल्या बढाया ऐकून घ्यायची तिला सवय झाली होती.

बातमी साहेबांपर्यंत गेली. साहेबांबद्दल काय सांगू — हात मागे बांधून उभं राहायचं आणि कशालाही ‘इंटरेस्टिंग’ म्हणायचं, एवढ्यावर पगार घेणारा माणूस. पण सही त्याची. आमच्या खात्याचं नवं प्रशिक्षण केंद्र होत होतं. दर्शनी हॉलमध्ये मोठी मत्स्यटाकी आणि बाहेर कारंजं करायचं साहेबांच्या मनात होतं. त्यांनी विचारलं, हे फिल्टर करणार कोण? आता माझी पंचाईत. मला तर साधा फ्यूज घालता येत नाही. मी म्हणालो, शिंदखेड्याकडचा एक मिस्त्री आहे माझ्या माहितीतला, माझ्या सांगण्याप्रमाणे करतो. साहेब म्हणाले, मग त्यालाच घेऊ. टाकी, कारंजं, इमारतीचे सगळे पंप, त्याच्याकडेच देऊ. आधी रोजंदारी, वर्षभरात कायम करून टाकू. पुढच्या रविवारी बायकोला घेऊन येतो तुमच्याकडे, माणूसही पाहतो आणि टाकीही.

सरकारी नोकरी. मोटारी भरून बोटं काळी झालेल्या, टपरी गेलेल्या माणसाला सरकारी नोकरी. मी पत्र टाकलं आणि ते मिळताच लोटनभाऊ पुढच्याच गाडीने आला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. “पोऱ्यास्ले जयगावना शायामा टाकसू,” एवढंच पुन्हा पुन्हा. बायकोलाही घेऊन येणार होता. ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची, ते बंद होणार होतं. मी त्याला म्हणालो, साहेबांसमोर नातं काढू नको, नातेवाइकांना चिकटवतो असं वाटेल त्यांना. मला ‘तुम्ही’ म्हण. शहाणपणाचं वाटतं ना? तसं नव्हतं. मला त्याची लाज वाटत होती, बाकी काही नाही. तो म्हणाला, तू सांगशील तसं. आणि रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येतो म्हणून परत गेला.

आता शनिवार. बायको मुलाला घेऊन पाचोऱ्याला माहेरी गेली होती. घरात मी एकटा. मी टाकीसमोर उभा राहिलो आणि साहेबांच्या डोळ्यांनी पाहू लागलो — मला स्वतःचे डोळे होतेच कुठे? पाण्याला किंचित पिवळट झाक होती. वरचा डबा उघडला तर खापरं बुळबुळीत, मातकट वास. साहेब डबा उघडून पाहणार. बाईसाहेब नाकाला पदर लावणार. आणि ते शिळं पाणी! आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की हंडे-कळशा आधी रिकाम्या होतात, शिळं ओतून ताजं भरतात. शिळं पाणी पुढे करणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आणि मी साहेबांना चार महिन्यांचं शिळं पाणी दाखवू?

संध्याकाळी नळ आले. गावात काविळीची साथ होती, त्यामुळे पालिकेने ब्लिचिंग पावडर इतकी टाकली होती की नळ सोडताच डोळ्यांना झोंबत होतं. मला वास आला. हे नीट ऐका — मला वास आला. लोटनभाऊचं वाक्यही आठवलं, जसंच्या तसं. विसरलो असतो तर आज ही कबुली तरी कशाला द्यायची? मी मनात म्हणालो, शियं म्हणे! ‘शियं’ म्हणणाऱ्या माणसाला काय कळणार पाण्यातलं? हेच एखाद्या इंग्रजी पुस्तकात छापलेलं असतं तर मी घड्याळ लावून दोन दिवस थांबलो असतो. बोलीत सांगितलं म्हणून ते ज्ञान नव्हतं, ती गावंढळ समजूत होती. मी सगळं पाणी काढलं. खापरं ब्रशने घासली, नळाखाली खळाखळा धुतली. ताजं पाणी काठापर्यंत भरलं. चकाकत होती टाकी. मी मागे सरकून पाहिलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सकाळी आठही मासे वर तरंगत होते.

मी काय करू शकत होतो? साहेबांना निरोप देऊ शकत होतो. मेलेले मासे काढून, माझ्याकडून पाण्यात चूक झाली, असं म्हणू शकत होतो. एका वाक्याचं काम होतं. साहेब काय, हसले असते, फार तर ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले असते. माझ्या नोकरीला ढिम्म काही होणार नव्हतं. पण मी गावभर सांगत होतो ना, डिझाइन माझं! मग मूर्ख मी ठरलो असतो. मासे काढायचंही मला सुचलं नाही. साहेब आणि बाईसाहेब आले तेव्हा मी दारात हात जोडून उभा होतो आणि मागे टाकीत ते आठ जण उलटे पडले होते.

बाईसाहेब “अगं बाई!” म्हणून मागे सरल्या. साहेबांनी विचारलं, हे काय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात लोटनभाऊ आला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, आणि हातात पाच लिटरचा कॅन. स्टेशनवरून चालत आला होता. टाकीकडे त्याची नजर गेली, मग वरच्या डब्यातल्या लालचुटुक धुतलेल्या खापरांकडे गेली. त्याला सगळं कळलं. मिस्त्री होता तो. एका नजरेत मोटार का जळाली ते सांगणारा माणूस.

साहेबांनी कॅनकडे बोट दाखवून विचारलं, यात काय? आणि गडबडीत त्याच्या तोंडून आपली बोली निसटली. “शियं पानी शे, साहेब. हिरनं.” टाकीतलं पाणी कमी झालं असेल तर भर घालायला त्याने घरच्या विहिरीचं पाणी गाडीतून आणलं होतं.

साहेबांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “शियं म्हणजे? याने तुम्हाला काही सांगितलं होतं का पाण्याबद्दल?”

आणि मी म्हणालो —

बघा, इतक्या वर्षांनीही इथे येऊन अडतो मी. मी म्हणालो, “काय माहीत, साहेब. काहीतरी शियं शियं करत होता. याची भाषा मला कुठे समजते! आणि हे डब्याचं भंगार त्याचंच. मी नको म्हणत होतो.”

साहेब हसले. बाईसाहेब हसल्या. मीही हसलो. कॉलेजातला तो वर्ग जसा हसला होता ना, अगदी तसाच.

लोटनभाऊने माझ्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द काढला असता — नुसतं ‘बायू’ म्हणाला असता — तरी मी तिथेच उघडा पडलो असतो. आत्याचं नाव घेतलं असतं, शाळेचं नाव घेतलं असतं. त्याची नोकरी त्या एका शब्दात होती. त्याने कॅन खाली ठेवला, टोपी काढली आणि मग सावकाश, एकेक शब्द निवडून, शुद्ध मराठीत साहेबांना म्हणाला, “बरोबर आहे, साहेब. चूक माझी आहे. यांना आमची बोली येत नाही. मी नीट सांगायला हवं होतं.”

‘ळ’ असलेला एकही शब्द त्याने घेतला नाही. हे माझ्या तेव्हासुद्धा लक्षात आलं. काय लक्षात राहावं याचंही माणसाला भान नसतं.

साहेब म्हणाले, असा माणूस आपल्याला नको बाबा, उद्या केंद्रातही हेच व्हायचं. नंतर तिथे त्यांच्याच ओळखीतला कुणी लागला. कारंजं वर्षभर चाललं. लोटनभाऊ चहा न घेता गेला. मी त्याला फाटकापर्यंतही सोडायला गेलो नाही, कारण साहेब अजून आत बसले होते. दुपारी कॅनमधलं पाणी मोरीत ओतलं, डबा उचकटून भंगारात दिला आणि टाकी विकून टाकली. बायको परत आल्यावर तिला सांगितलं, लोटनभाऊचं काही जमलं नाही साहेबांशी. ती म्हणाली, बिचारे. बस्स.

लोटनभाऊने पुढे काय केलं? पुन्हा मोटारी भरल्या, दुसऱ्याच्या दुकानात. त्याच्या बायकोचं निंदणं चालूच राहिलं. मुलं तिथेच शिकली, जेवढी शिकायची तेवढी. तो कधी भांडला नाही. त्याने कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर नात्यातल्या कुणीतरी मला कधीतरी ऐकवलंच असतं. आमच्याकडे असं पोटात ठेवत नाहीत. आत्या गेली तेव्हा मी गेलो होतो. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांशी तो आपल्या बोलीत बोलत होता. माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “या. बसा. प्रवासात त्रास नाही ना झाला?” मला वाटलं, दुःखात आहे म्हणून असेल. पण नाही. त्या रविवारनंतर तो माझ्याशी आपल्या बोलीत कधीच बोलला नाही. तुम्ही, बसा, घ्या. मला ती बोली येत नाही, असं मी चार माणसांत सांगितलं होतं; त्याने माझा शब्द खाली पडू दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी शिंदखेड्याला गेलो होतो. कशाला गेलो होतो? कबूल करायला, असं मी स्वतःला सांगत होतो. तो आता थकला आहे, हात कापतात. आम्ही समोरासमोर खाटेवर बसलो होतो. मी हवेबद्दल बोललो, गाड्यांच्या वेळापत्रकाबद्दल बोललो. तासभर तेच. मग वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी त्या घरातला, हे त्यांना लग्नापासून ठाऊक आहे. पण त्या माझ्याकडे न बघता त्याला म्हणाल्या, “त्यास्ले इचारा ना, भाकर टाकू का?”

लोटनभाऊ माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. परक्या माणसाची अडचण होऊ नये एवढीच काळजी होती. तो म्हणाला, “त्या विचारताहेत, भाकरी टाकू का.”

मी त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबलो. मग वहिनींकडे पाहून म्हणालो, “हो. टाका.”